आबांचं धरण

खाणीतलं पाणी उपसून फेकून देण्यासाठी ज्या माणसाला पगार होता, त्यानं माझ्या देखत एक थेंबसुद्धा कधी फेकला नाही. वाचणाऱ्याला वाटेल मी कौतुकानं लिहितोय. कौतुक आहेही. पण पुढे ते मोडणार आहे, आणि मोडेल तेव्हा त्यात त्यांचा दोष थोडा आणि माझा जास्त असेल, एवढं आधीच सांगून ठेवतो. एरवी मी फार बोलणाऱ्यातला नाही. बोललो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

कळस गावाच्या पुढच्या माळावर आमची दगडखाण होती. 'आमची' म्हणायची नुसती सवय. मालक बारामतीचे. मधूनच कधीतरी जीपनं यायचे, काठावर उभे राहून खाली बघायचे, खडी किती निघाली विचारायचे आणि धूळ उडवत परत जायचे. मी तिथे सुपरवायझर. गाव माझं जवळच, आणि घरचं थोडं रान खाणीला अगदी लागून. त्या रानात डाळिंब होतं. हे रान ध्यानात ठेवा. मी बरीच वर्षं ते नसल्यासारखं बोलत आलो.

दगड काढत खाली गेलं की कुठल्या तरी थराला पाणी लागतंच. आमच्या भागात पाऊस नावाला, पण कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की खाणीच्या भिंतींना घाम फुटल्यासारखा व्हायचा आणि भेगांतून पाझर सुरू व्हायचा. ते सगळं तळातल्या एका खड्ड्यात वळवायचं आणि मोटर लावून वर काढायचं. नाही काढलं तर ड्रिलची होलं पाण्यानं भरतात, सुरुंग फुसका जातो, डंपर चिखलात बसतो. म्हणजे सगळी खाण पाणी काढणाऱ्याच्या जिवावर. तो माणूस म्हणजे आबा, आणि हे ते रोज निदान एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचे. आपण करतो ते काम लहान आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट मालक, मी, क्रशर, डंपर हे सगळं त्यांच्या मोटरींच्या आसपास उगवलेलं काहीतरी आहे, असा त्यांचा एकंदर तोरा.

हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. उंच, हाडकुळे, भर उन्हात डोक्याला कानटोपी. कमरेला, धोतराच्या घडीत, एक मोठा पाना खोचलेला. जेवताना पाना मांडीवर, झोपताना उशाला. कंपनीनं सगळ्यांना गमबूट वाटले तेव्हा आबांनी त्यांत माती भरून पुदिना लावला आणि स्वतः अनवाणीच राहिले. मालकांनी एकदा विचारलं, बूट कुठं गेले म्हणून. "कामाला लावल्यात," आबा म्हणाले, आणि जाताना मालकांच्या जीपमध्ये पुदिन्याची जुडी टाकली. मालक हसले. आबा हसले नाहीत.

मोटरी दोन. मोठी थोरली, लहान धाकटी. थोरलीनं सक्शन सोडलं, म्हणजे ती पाणी ओढेनाशी झाली, की आबा तिच्यासमोर उकिडवे बसून तिची समजूत काढायचे. धाकटीला मात्र सरळ शिव्या. त्यावरनं मारुती त्यांना छेडायचा. मारुती आमचा ड्रिलवाला, नांदेडकडचा. दिवसभर कॉम्प्रेसरच्या आवाजात काम, त्यामुळे दोन्ही कानांत कापसाचे बोळे, आणि त्यामुळे बोलणं ओरडून. तो वरून ओरडायचा, "आबा, घरी पण असंच होतं का? थोरलीला गोंजारायचं नि धाकटीला शिव्या?" त्यावर आबा खालून म्हणायचे, "घरी एकच हुती. ती गेली. तवापासनं ह्या दोघी." आणि मग मारुती पुन्हा ड्रिलला लागायचा.

सकाळचा एक विधी होता. आबा उतारावरून खाली जात, तळातल्या खड्ड्याशी वाकत, ओंजळभर पाणी तोंडात घेत, डोळे मिटून ते तोंडात घोळवत आणि गिळत. थुंकत कधी नसत. मग निकाल द्यायचे. हे कालव्याचं. हे पावसाचं. हे मुरलेलं, जुनं. आम्ही सगळे काठावर उभे. निकाल दिल्यावर ते पाना काढून डिलिव्हरीच्या लोखंडी पाइपावर दणादण मारायचे. पाइप तळापासून भिंतीला लागून काठापर्यंत आलेला, त्यामुळे सबंध खाण घणघणायची. तो आवाज म्हणजे उतरायला परवानगी. सुरुंगाच्या आधीही तोच, आणि काही गडबड वाटली तर बाहेर पडायलाही तोच. कापसाचे बोळे घातलेल्या मारुतीलाही तो कळायचा. कानानं नाही, पायातून कळतो म्हणायचा. आबांनी पाइप वाजवल्याशिवाय खाली जायचं नाही, हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. पण तो मोडलेला मी पाहिला नव्हता.

त्या जिभेवर माझा विश्वास नव्हता. एकदा मी घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि खाणीतलं म्हणून त्यांच्या हातात दिलं. डोळे मिटून, तोंडात घोळवून त्यांनी सांगितलं, "कालवा." मी बाटली कुठली ते सांगितलं. दुसरा कुणी ओशाळला असता. आबा म्हणाले, "मग तुझ्या हिरीत कालवा शिरलाय लेका. बघून घे." मालकांसमोर ते मला साहेब म्हणायचे आणि एरवी लेका. मारुतीनं तो किस्सा महिनाभर पुरवून खाल्ला. आबांची जीभ हा खाणीवर तेव्हापासून विनोदच झाला होता. पुढे हा विनोद मला फार कामाला आला.

आता धरणाचं.

आमच्या नव्या खाणीला लागून जुनी खाण होती, दगड काढून सोडून दिलेली. दोन्हींच्या मध्ये दगडाचीच एक भिंत ठेवलेली. पूर्वी पाणी ओढ्याला सोडायचे. आबा कामावर आले आणि त्यांनी पाइपाचं तोंड ओढ्यावरून काढून जुन्या खाणीत वळवलं. कुणाला विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "इंदापूर तालुक्यात पाणी फेकतोयस? हात झडतील."

वर्षभरात जुनी खाण भरत आली. हिरवं, खोल, गच्च पाणी. आबांनी काठानं करंजाच्या काठ्या रोवल्या आणि उजनीच्या फुगवट्यावरून डब्यात चिलापी माशाची पिल्लं आणून सोडली. त्यांनी ती कधी खाल्ली नाहीत, कुणाला धरूही दिली नाहीत. काठावर बसून भाकरी टाकायचे आणि मोठ्यांदा म्हणायचे, "सरकारला जमलं न्हाय ते ह्या कानटोपीनं केलं." धरण हा शब्द त्यांचाच. कुणी 'खाणीतलं पाणी' म्हटलं तर दुरुस्त करायचे. आणि कुणी 'आपलं धरण' म्हटलं तर जास्तच चिडायचे. "आपलं कुठनं आलं? माझं हाय."

पाणी न फेकण्यामागे त्यांच्या तीन गोष्टी होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. एकीत त्यांची आई दुष्काळात घागर घेऊन चालता चालता बसली ती उठली नाही. दुसरीत त्यांचा बैल तहानेनं गेला. तिसरीत त्यांनी नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर ओंजळीत पाणी घेऊन शपथ घेतली होती. कशाची ते सांगताना दर वेळी बदलायचं. मी तिन्ही ऐकून घ्यायचो. तिसरी सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, म्हणून ती खरी असावी असं तेव्हा वाटायचं.

उन्हाळ्यात आसपासचे शेतकरी त्या पाण्यासाठी येत. पाळ्या आबा ठरवायचे आणि त्यांचे नियम विचित्र होते. ज्याच्या रानात तण, त्याला पाणी नाही. जो बायकोवर ओरडतो त्याला अर्धी पाळी. उसाला अजिबात नाही. "ऊस म्हंजी पाण्यातला दारुडा," म्हणायचे, "त्याला कवा पुरलंय?" कारखान्याचे सभासद असलेले बडे बडे उसवाले त्यांच्यापुढे तंबाखूची पुडी धरून उभे राहिलेले मी पाहिलेत. आबा पुडी घ्यायचे, पाणी द्यायचे नाहीत. भेंडी-गवारीवाल्यांना मात्र न मागता. मला वाटतं, त्या उन्हाळ्यांत ते आयुष्यातले सगळ्यात सुखी होते.

माझ्या डाळिंबाला पाळीच नव्हती. म्हणजे पाहिजे तेव्हा पाणी. ते आबांनी दिलं नव्हतं, मी घेतलं होतं. पाणी जुन्या खाणीत साठवलेलं चालतं का, हे मालकांना विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही. मालकांनी कधी काठावरून पाहून हे पाणी कसलं विचारलं तर मी सांगायचो, जुनी खाण आहे, साचतं आपोआप. आबा बाजूलाच उभे असायचे. धरणाला आपोआप म्हटलेलं त्यांना सहन व्हायचं नाही, पण मालक जाईपर्यंत ते दातओठ खात गप्प राहायचे आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत.

नवी खाण खोल खोल जात गेली. जुनीतलं पाणी वर, आमचा तळ खाली, मध्ये ती भिंत. उन्हाळा लागला, कालवा बंद होता, तरी थोरली पूर्वीपेक्षा जास्त चालायला लागली. भिंतीच्या पायथ्याशी एका भेगेतून पाण्याची बारीक धार लागली होती. आबांनी ती चाखली. आम्ही सगळे वर उभे. "कालवा," आबांनी निकाल दिला. मारुती ओरडला, "कालवा कोरडा पडलाय आबा." आबा म्हणाले, "वरनं कोरडा. आतनं चालूच आसतोय त्यो."

ही चूक त्यांची. ती मी लपवणार नाही. आपल्या धरणाला गळती लागली आहे हे त्यांच्या जिभेला कबूल करवत नव्हतं. एकीकडून काढलेलं पाणी दुसरीकडून परत येत होतं आणि आबा तेच पाणी पुन्हा पुन्हा वर चढवत होते.

आता माझी. एका सकाळी आबा पाइप वाजवून वर गेले, आणि थोरली ओढेना म्हणून मीच तळाला उतरलो. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला, फूटव्हॉल्व्हच्या जाळीला काहीतरी चिकटलं होतं. पान असेल म्हणून काढायला गेलो. चिलापी होती. लहान, जिवंत, शेपटी हलवत होती. मी ती हातात घेऊन उभा राहिलो. खाणीच्या तळाला मासा कुठून येणार? वरून पाणी खाली येत नव्हतं, खालचं वर जात होतं. ज्या भेगेतून नुसती धार येते असं आम्ही समजत होतो, तिच्या आत कुठेतरी मासा निघेल एवढी वाट झालेली होती. हे समजायला शिक्षण लागत नाही. मला तिथेच समजलं.

डाळिंबाची फळं तेव्हा लिंबाएवढी झाली होती. त्या वेळी पाणी तुटलं तर पुढे फळ तडकतं. जुनी खाण रिकामी करायची म्हणजे बाग सोडून द्यायची. मी स्वतःशी म्हणालो, बगळ्याच्या चोचीतून पडला असेल. मग तो मासा मी चिखलात टाकला आणि त्यावर दगड ठेवला. जाळी साफ झाली, थोरली ओढायला लागली. वर आल्यावर आबांनी विचारलं काय अडकलं होतं. मी म्हणालो, पालापाचोळा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सुरुंगाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी आबा माझ्या टेबलापाशी आले. टेबलापाशी ते कधी यायचे नाहीत, मलाच बोलावणं धाडायचे. कानटोपी काढून हातात धरली होती. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"लेका, ते पानी कालव्याचं न्हाय," ते म्हणाले. "आपल्या धरनाचं हाय."

'आपल्या' म्हणाले. ते मला तेव्हा ऐकू आलं नाही, नंतर फार आलं.

"एवढे दिवस कालवा म्हणत होतात की."

"चुकलो."

हा शब्दही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. ते म्हणाले, धार गढूळ यायला लागलीय, म्हणजे ती भिंतीला आतनं खाती हाय. धरण ओढ्याला सोडून देऊ. उद्यापासनं खाली कुणाला उतरवू नको.

एवढा माणूस समोर उभा राहून स्वतःचं धरण फोडा म्हणत होता, आणि मी हसलो. म्हणालो, "तुमच्या जिभेवर खाण बंद ठेवू का आबा? माझ्या विहिरीत कालवा शिरला होता ना?" आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मासा माझ्या डोळ्यांपुढे होता. मला जे पक्कं माहीत होतं तेच ते सांगत होते, आणि त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे त्यांचाच विनोद होता.

आबा कानटोपी घालून निघाले. मग मला जरा बरं वाटेना, म्हणून मी त्यांना हाक मारून एक तोड सुचवली. ओढ्याला कशाला, उद्या सकाळपासून पाणी माझ्या डाळिंबाला सोडा, पातळी आपोआप उतरेल, पाणीही वाया जाणार नाही. पाणी वाया जाणार नाही म्हटल्यावर ते थांबले. त्यांचं वर्म मला ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "बरं. पर खाली कुणाला धाडू नको." मी हो म्हणालो.

सकाळी आबा खोरं घेऊन माझ्या बागेत पाणी वळवायला दारं मोडत होते. पाना त्यांच्या कमरेला. खाणीवर माणसं काठावर जमली आणि परवानगीची वाट बघत राहिली. मारुतीनं मला विचारलं, आज आबा नाहीत, उतरायचं का? मालक त्या दिवशी येणार होते. मी म्हणालो, उतर.

पुढचं मी कमीत कमी शब्दांत सांगतो. मारुती एकटाच खाली गेला, बाकीचे अजून तंबाखू मळत होते. कॉम्प्रेसर सुरू झाला. मग भिंतीतून आवाज आला, ट्रॉलीतून खडी ओतल्यासारखा. मी ओरडलो. सगळेच ओरडलो. मारुती आमच्याकडे पाठ करून होल मारत होता, कानांत बोळे. मी पाइपाकडे धावलो आणि हातात मिळाला तो दगड त्यावर आपटला. दगडाचा आवाज काही होत नाही. तो फुटला. भिंतीचा खालचा भाग पुढे आला आणि त्यामागून सगळं धरण आलं.

मारुतीला काढायला दुपार झाली. तळ भरून मासे तडफडत होते. पाण्याचा आवाज ऐकून आबा बागेतून धावत आले होते, अंगभर चिखल. काठावर उभे राहिले आणि त्यांनी पाना काढून पाइपावर मारायला सुरुवात केली. उशीर झालाय हे त्यांना दिसत होतं. तरी ते मारत राहिले. शेवटी दोघांनी त्यांचे हात धरले.

पोलीस आले, पंचनामा झाला. मालकांनी विचारलं, हे पाणी साठवायला कुणी सांगितलं? सगळ्यांनी आबांकडे बघितलं. मीही बघितलं. माझ्यावर प्रश्न आला तेव्हा मी म्हणालो, ते कुणाचं ऐकत नाहीत. हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणून ते माझ्या तोंडून सहज गेलं.

आबांना विचारलं. ते ताठ उभे राहिले, मालकांसमोर राहायचे तसेच. "व्हय. धरन माझं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुनाचं न्हाय." सकाळी कुठे होता, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही. धोतरावरचा माझ्या बागेचा चिखल तेव्हा वाळून पांढरा पडला होता. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो.

त्यांनी मला वाचवलं की नेहमीसारखी धरणावर मालकी सांगितली, हे मला आजही ठरवता येत नाही. गुन्हा त्यांच्यावर नोंदला गेला. काही दिवस आत राहिले, मग जामीन, मग तारखा. खाण बंद पडली. गावात अजूनही म्हणतात, त्या येड्या म्हाताऱ्यानं माणूस मारला. त्या वर्षी माझं डाळिंब चांगलं आलं.

मागच्या वर्षी कळलं की आबा नरसिंहपूरला लेकीकडे असतात आणि अंथरुणाला टेकलेत. गेलो. लेकीनं चहा ठेवला. बोलता बोलता मी तिच्या आजीचं विचारलं, ती दुष्काळात घागर घेऊन गेलेली. ती म्हणाली, आजी तर म्हातारी होऊन घरातच गेली. बैल? आमच्याकडे बैल कधी नव्हतेच. आबा आधी बारामतीत सोडा-लेमनच्या गाडीवर होते. शपथेचं तिला काही माहीत नव्हतं.

आबा आत खाटेवर होते. कानटोपी होती. तांब्यातलं पाणी तोंडात घोळवून त्यांनी मला सांगितलं की हे भीमेचं, काल नीरेचं दिलं होतं. लेक मागून खुणेनं म्हणाली, नळाचं आहे.

मी बरंच पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकच वाक्य निघालं. "आबा, मासा मला आधी दिसला होता. तळात. तुम्ही सांगायला आलात त्याच्याही आधी."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पाहताना राग नव्हता, उलट कुणीतरी आपल्या वस्तूला हात लावावा तशी एक सावध नजर होती.

"माझ्या धरनातला मासा," ते म्हणाले, "तुला कसा दिसंल?"

"पाणी माझ्या डाळिंबासाठी ठेवलं मी. नाहीतर तुम्ही सोडून दिलं असतंत."

"डाळिंब तुझं. धरन माझं. बांधलं मी, फुटलं माझं. तू त्यात कुठनं आलास?"

वाटा द्यायचा नाही म्हणजे नाही. कौतुकातला दिला नव्हता, याच्यातलाही दिला नाही. मी उठलो. दारात पोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"मारुतीच्या कानात बोळे हुते का रं त्या दिशी?"

"होते."

"मग पाइपच वाजवाया पायजे हुता," ते म्हणाले, आणि उशाखाली हात घालून चाचपलं. पाना तिथेच होता. तो कुठे आहे याची खात्री करून त्यांनी हात काढून घेतला. त्या सकाळी पाना कमरेला लावून त्यांना माझ्या बागेत कुणी धाडलं, हे ते बोलले नाहीत. महिन्याभरात ते गेले.

आबा होते तोवर मला वाटत होतं, कबूल करायचं ते त्यांच्याजवळ. त्यांनी घेतलं नाही. मग एकच जागा उरली. मारुतीची बायको गावी परत गेलीच नाही. लोणी देवकरला एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. मी पाळी बदलायच्या वेळेला गेटवर जाऊन उभा राहिलो. तिनं मला ओळखलं. आबा गेल्याचं मी सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, सुटला, माझ्या माणसाला खाऊन.

मी म्हणालो, आबांनी आदल्या संध्याकाळी खाली कुणाला उतरवू नको म्हणून सांगितलं होतं, उतर मी म्हणालो. आणि तळात मासा सापडल्याचं सांगितलं, दगडाखाली दाबल्याचंही. डाळिंबाचं सांगितलं. आजूबाजूला बाया डबे घेऊन आत जात होत्या. ती ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल, चार माणसं गोळा करेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

माझं सांगून संपल्यावर तिनं विचारलं, "केवढा होता मासा?"

मी माझी करंगळी पुढे केली आणि त्याच करंगळीच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलं.

ती माझ्या करंगळीकडे बघत राहिली. भोंगा झाला. बाकीच्या बाया आत गेल्या, वॉचमन गेट ओढायला लागला, तरी ती बघतच होती, आणि मला हात खाली घेता येईना.